बिनविरोध निवडून आलेल्या चार्जरबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
महिला गट अवजार साहाय्य योजना,
जि. बीड.

अर्जदार : योगिता बजरंग गडदे, सचिव, रानझरा महिला बचत गट, मौजे वाघदरा, ता. धारूर.

विषय : बागेतील विजेच्या लहान ट्रॅक्टरसाठी निवडलेला चार्जर बॅटरीला न लावण्याबाबत.

संदर्भ : ट्रॅक्टर परत घेण्याची तंबी देणारे आपले पत्र.

महोदय,

१. आमच्या गटाची सीताफळाची बाग आहे. झाडांच्या ओळींमधली माती मोकळी करण्यासाठी आपल्या योजनेतून बॅटरीवर चालणारा छोटा ट्रॅक्टर मिळाला. तो गटातल्या ताराबाई चालवतात. त्यांचे गुडघे गेले आहेत. खुरपायला बसता येत नाही, सीटवर बसता येते. ट्रॅक्टर गेला तर त्यांना बागेत दुसरे काम उरत नाही. एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

२. ट्रॅक्टरसोबत चार्जर आला नाही. तो निवडायला आपण समिती नेमली आणि माजी सरपंच मोहनराव यांना अध्यक्ष केले. बॅटरी लिथियमची आहे, ४८ व्होल्टची आहे आणि तिला अठ्ठावन्न व्होल्टच्या आसपास आपोआप थांबणारा चार्जर लागतो, हे बॅटरीवरच्या पाटीवर लिहिलेले आहे, चित्र काढूनही दाखवले आहे. समितीतल्या कोणीही पाटी पाहिली नाही. ती पाहायला सीट उचलावी लागते.

३. बैठकीत टेबलावर तीन चार्जर होते, शेजारी त्यांचे तीन विक्रेते. एक ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा तशाच बॅटरीसाठी बाजारात मिळणारा. तिसरा पाणी घालाव्या लागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्यांचा, आकाराने सर्वांत मोठा. समितीचे सदस्य आप्पा यांनी तिन्ही उचलून पाहिले आणि तिसऱ्यावर थाप मारली. "ह्यो उचलाया दोघं लागत्यात. ह्योच खरा गडी हाय." निवडीची ही पद्धत मी याआधी फक्त बोकड घेताना पाहिली होती.

४. मी हरकत घेतल्यावर मतदानाची वेळ आली. मतदानाने गावात दोन तट पडतील, म्हणून मोहनरावांनी उरलेल्या दोन विक्रेत्यांना बाहेर नेऊन चहा पाजला. दोघांनी आपापला चार्जर मागे घेतला. मोहनराव आत येऊन म्हणाले, "दोघं बसले. आता बिनविरोध. गावाचा रिवाज हाय." टाळ्या झाल्या. चार्जरला फेटा बांधला. आमच्या गटातल्या मनकर्णाबाई मागून म्हणाल्या, "मग ह्याला सरपंचच करा की. बॅटरीला कावून लावताव?" इतिवृत्तात याची नोंद 'महिलांनी आनंद व्यक्त केला' अशी आहे. आपण हजर होतात. नारळ आपल्याच हस्ते फुटला.

५. चार्जर जोडला. बॅटरी भरत आली तरी तो थांबेना, व्होल्टेज चढवतच राहिला. शेवटी बॅटरीच्या आतल्या संरक्षक कार्डाने वीज तोडली. ते त्यासाठीच असते. ते नसते तर बॅटरी तापून पेटू शकली असती, आणि ट्रॅक्टर ताराबाईंच्या दारात, शेळ्यांच्या गोठ्याला लागून उभा असतो. मी फेरनिवड मागितली. मोहनराव म्हणाले, "इतक्या लौकर अविश्वास आणता येत न्हाई, ताई. कायदा बघा." तो कायदा सरपंचासाठी आहे, असे मी सांगितले. "मग ह्यो निवडून न्हाई आला का?" असे त्यांनी विचारले. यावर समितीत कोणी हसले नाही.

६. त्यानंतर समितीने ठराव केला की, सर्व गाव चार्जरच्या बाजूने असताना एकटे कार्ड आडवे येत आहे, सबब ते काढून वायर थेट जोडावी. त्यावर आपली मंजुरीची सही आहे. मी एका दैनिकाला रोज बातम्या देते. न वाचता सही करणारे अधिकारी पुष्कळ पाहिले. आपण मात्र वाचून सही केली आहे, कारण 'थेट' या शब्दाखाली आपण रेघ ओढली आहे.

७. येत्या शुक्रवारी मंडप घालून आपल्यासमोर याच चार्जरने बॅटरी भरून दाखवावी, अन्यथा ट्रॅक्टर दुसऱ्या गावाला देऊ, असे आपले पत्र म्हणते. गट कार्ड काढणार नाही. चार्जरचा मान राखायचाच असेल तर मंडपात तो एकटा सुरू करावा. काहीही न जोडता त्याचा हिरवा दिवा लागतो, पंखाही फिरतो. समोर बसलेल्यांना फरक कळणार नाही, याची खात्री निवडीच्या दिवशीच झाली आहे.

८. माघार घेतलेला कंपनीचा चार्जर गटाने बचतीतून विकत आणला. त्याने बॅटरी भरली आणि तो आपोआप बंद झाला. आज सकाळपासून ताराबाई ट्रॅक्टर घेऊन बागेत आहेत. तेव्हा हा अर्ज परवानगीसाठी नाही, माहितीसाठी आहे. ट्रॅक्टर परत न्यायला माणसे पाठवायची असतील तर सरळ बागेत पाठवावीत. ताराबाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर थांबवला नाही. जाता जाता म्हणाल्या, "येऊ द्या. पर मला सीटवरून साहेबांनी सोता उतरवायचं."

सबब आपण जातीने यावे, ही विनंती.

आपली अजूनही नम्र,
योगिता बजरंग गडदे

वाघदरा, दि. १७ जून २०२५

सोबत :
१) बॅटरीवरील पाटीचा फोटो.
२) सत्कार समारंभाचा फोटो. डावीकडून : आप्पा, मोहनराव, चार्जर, आपण.