पाचवा पिंजरा

ता. २ ऑगस्ट

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या यजमानांच्या सन्मानाचं निमंत्रण पोचलं. पानांच्या अर्काने मूत्रपिंडं वाचवणारा संशोधक, असं छापलंय. तो अर्क दोन वर्षं रोज सकाळी उंदरांना मी पाजला. माझी वही ते वाचायला म्हणून घेऊन गेले आणि निबंध निघाला तो एकट्या त्यांच्या नावावर. शेवटी बारीक अक्षरात माझे आभार, साहाय्यक म्हणून. याला एकतीस वर्षं झाली.

त्यांनी नेली ती पहिली वही. तीत चारच पिंजरे होते. पाचवा मी नंतर मांडला आणि ती वही माझ्यापाशी आहे. तेव्हा दाखवायला गेले, तर साहाय्यकांनी बाटल्या धुवाव्यात म्हणाले. आता समारंभात उभी राहून तारखांसकट वाचून दाखवणार आहे. बहीण आहेस म्हणून आधी कळवलं. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी या खेपेला भिजव.

तुझी,
ताई

ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. यांना काही बोलले नाही. पण तू इतक्यात येऊ नकोस. यांच्याच रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालत नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या कपाटात तशाच पडल्यात. म्हणतात, माझ्या औषधावर मीच भरवसा ठेवला नाही तर लोक कसा ठेवतील. महिनाभर अर्क दुप्पट घेतायत. पायांना इतकी सूज आहे की चप्पल चढत नाही.

वही कुणाची होती, हे मला तेव्हाच माहीत होतं. मी गप्प बसले. थोडा राग माझ्यावरही काढ.

तुझीच,
धाकटी

ता. १२ ऑगस्ट

धाकटे,

आशीर्वाद नंतर. अर्क आजच्या आज बंद कर. सोबत वहीतल्या पानाची नक्कल आहे, ती थेट डॉक्टरांच्या हातात दे. पाचव्या पिंजऱ्यात मी अर्क दुप्पट दिला होता. आठातले सात उंदीर मेले, आणि सातांचीही मूत्रपिंडं निकामी झालेली. वही पळवायची घाई केली नसती तर हे त्यांना कळलं असतं.

मला दया आली, असं समजू नकोस. इतकी वर्षं वाट पाहिली, ती त्यांनी पलंगावर पडून लोकांची हळहळ गोळा करावी म्हणून नाही.

ताई

ता. १ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी पान यांच्यासमोरच वाचलं. यांनी अक्षर लांबूनच ओळखलं. घरी येऊन एकेक बाटली स्वतः मोरीत ओतली. आता गोळ्या घेतात, सूज उतरलीय. समारंभ महिनाभर पुढे गेलाय. स्वतःच्या हाताने माफीचं पत्र लिहिलं तर तू यायचं टाळशील का, असं विचारायला सांगितलंय. विचारलं. माझं काम झालं.

तुझीच,
धाकटी

ता. ५ सप्टेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. पत्रातली माफी मला एकटीलाच वाचता येईल. निबंध त्यांनी सगळ्या जगासाठी छापला होता. माझी खुर्ची पहिल्या रांगेत राखून ठेव. तुझ्यावरचा राग या पत्राबरोबर संपला. त्यांच्यावरचा ठणठणीत आहे.

जेवणात मीठ कमी घाल आणि गोळ्या समोर बसून दे. त्या दिवशी मला ते स्वतःच्या पायांवर उभे हवेत.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई