पाण्याचा थेंब नाही

शनिवार, १७ सप्टेंबर १९६६, अमरावती

आज हरतालिका. सासूबाई निर्जळी. मीही — म्हणजे त्यांच्या लेखी! दवाखान्यात पोचल्याबरोबर दोन कप चहा ढोसला. दिवसभर दुसऱ्यांच्या नाड्या धरायच्या, तर आपली तरी नीट चालायला नको?

उद्या मैनाबाईचं ऑपरेशन. भातकुलीची, शेतकऱ्याघरची, तिशीही नसेल. कित्येक महिने पोट दुखतंय, ताप हटत नाही, वाळून काडी झाली आहे. नागपूरचे सर्जन येऊन नवीच तऱ्हा करणार — पोट फाडायचं नाही, बोटभर छेद घ्यायचा, आत हवा भरायची आणि नळीतून बघायचं. भूल देणार मी. मैनाबाईनं हात घट्ट धरला. "बाई, उठवसान ना मले?"

उठवीन म्हणाले. न उठवायची माझी काय बिशाद!

रविवार, १८ सप्टेंबर



सकाळी मैनाबाईला विचारलं, काही खाल्लं-प्यालं नाही ना? "थेंब नाई बाई. पाण्याचाई नाई." शाब्बास म्हणाले! भुलेआधी पोट रिकामंच हवं असतं.

ईथरखाली छान झोपली. हवा भरली. फुगलेलं पोट आतल्या मोठ्या शिरेवर दाबतं, पायांकडचं रक्त हृदयाकडे परतायला अडतं — ठाऊक होतं, प्रेशर थोडं उतरणार हे धरलेलंच होतं. पण नीट दिसावं म्हणून सर्जननी टेबलाची डोक्याकडची बाजू उचलली, आणि माझ्या बोटाखालची नाडी विरतच गेली. प्रेशर साठ. मग लागेचना!

"हवा सोडा!"

"थांबा, आत्ता कुठे दिसायला लागलंय —"

"आधी हवा सोडा!" ओरडले मी. नागपूरच्या एवढ्या मोठ्या माणसावर!

सोडली. डोकं खाली, पाय वर, सलाइन धो धो. नाडी परत लागली तेव्हा मला रडूच फुटलं. सर्जन हात धुताना म्हणाले, "ओरडलात ते बरं केलंत." पोटात क्षय आहे, तेवढं दिसलं होतं. औषधांनी बरा होईल.

पण एवढ्याशा हवेनं इतकं का व्हावं?

सोमवार, १९ सप्टेंबर

कळलं. मैनाबाईचा परवा निर्जळी उपास होता. मध्यरात्रीनंतर सोडायचा, तर नर्स आधीच बजावून गेलेली — ऑपरेशन होईपर्यंत काही घ्यायचं नाही. म्हणजे परवा पहाटेपासून कोरडी! अंगातलं रक्तच आटलेलं, त्यावर भूल, त्यावर हवा. हृदयानं फिरवायचं तरी काय? आणि मी शाब्बास म्हणाले! अख्ख्या गावाला उपास, माझ्या घरात उपास, आणि मला सुचू नये? माझ्या पोटात चहा होता ना!

तिच्या नवऱ्याला, भगवंतरावांना, व्हरांड्यात सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. ते बाकावर बसूनच राहिले. "माह्यासाठीच उपास धरला, अन् माह्यापायीच चालली होती!" आणि लहान लेकरासारखे रडले. मी शेजारी बसून राहिले.

हरतालिका, १९६७

दोघं इंजेक्शनला आली होती. मैनाबाई अंगानं चांगली भरली आहे. चहा मागवला. तिनं घेतला, भगवंतरावांनी कप सरकवून दिला. काहून, विचारलं तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. मैनाबाई पदराआड हसली. "त्याइचा उपास हाय, बाई. मले पहाटंच चहा पाजला, अन् सोता निर्जळी!"

घरी आले. सासूबाईंसमोर बसून कपभर चहा प्याले.