शेवटच्या मुलाच्या मागे

६ नोव्हेंबर १९७८
बेळगावहून सकाळच्या बसनं हुबळीला उतरलो आणि उणकल तळ्यापलीकडच्या या इंग्रजी बोर्डिंग शाळेत खेळाचा मास्तर म्हणून रुजू झालो. शाळा साहेबाच्या काळातली. एवढ्याएवढ्या पोरांच्या गळ्यात टाय बघून मला हसू आवरेना. पण माझी नोकरी आहे तोवर आमच्या परसूला इथं फुकट शिकायला मिळणार. निरोप देताना बायको, कृष्णा, रडलीही आणि हसलीही. ब्लेझर परसूला जरा ढगळ होतो, वाढेल त्यात.

९ नोव्हेंबर
इथं खेळ म्हणजे देवपूजा. रोज सकाळी सगळी शाळा तळ्याला वळसा घालून धावते, डिसेंबरात मोठी शर्यत. मास्तरसाठी एक जुना नियम आहे: शेवटच्या मुलाच्या मागे धावायचं आणि तो फाटकातून आत आल्याशिवाय आपण आत यायचं नाही. मला नियम फार आवडला. शेवटचा अर्थातच परसू. दम्याचं पोर ते. मुलं त्याला गोगलगाय म्हणतात. तो रडत नाही, पण जेवतही नाही. जीव तुटतो माझा.

१५ नोव्हेंबर
आज परसूच्या आणि माझ्या मध्ये आणखी एक मुलगा होता. गुडघ्याखाली आलेली जुनाट चड्डी, पाठीला चिकटलेला पांढरा सदरा. मी मागे, त्यामुळे चेहरा दिसला नाही. फाटकाशी गर्दीत कुठं गेला कळलं नाही. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं. माझा पोरगा शेवटचा नव्हता.

२० नोव्हेंबर
परसूला सांगितलं, त्या मुलाला सोबत कर, तोही तुझ्यासारखाच एकटा आहे. आता दोघं हातात हात घालून धावतात. परसू आज मागून घेऊन भाकरी जेवला. म्हणाला, तो बोलत नाही आणि त्याचा हात फार गार असतो.

२६ नोव्हेंबर
स्वयंपाकीण चंपाबाईला विचारलं, तो मुलगा कुणाचा. तिचा लाटता हात थांबला. म्हणाली, "अण्णा, तुमी त्याच्या मागं ऱ्हावा, पर त्याला कुनाची सोबत देऊ नगा. धरल्याला हात सोडत न्हाई त्यो."
तिनं सांगितलं, साहेबाच्या वेळी एक मास्तर दमलेल्या पोराला तळ्याशी सोडून चहाला आत गेला होता. पोर पाण्यात सापडलं. नियम तेव्हापासूनचा.
मी काय करून बसलो हे.

२ डिसेंबर
परसूचं धावणं बंद. ताप आहे, आजारी मुलांच्या खोलीत ठेवलंय. त्याला बेळगावला नेतो म्हणालो. प्रिन्सिपॉल म्हणाले, शर्यतीआधी गेलात तर दोघांच्याही जागा गेल्या. थांबलो.
झोपेत त्याचे पाय हलतात. धावल्यासारखे. उजवी मूठ मिटलेली, कुणी हात धरल्यासारखी — सुटत नाही.

५ डिसेंबर, सकाळ
परसूच्या तळव्यांना तळ्याचा चिखल. दाराला कडी मीच घातली होती, बाहेरून.
नोकरी गेली खड्ड्यात. आज शर्यत. सकाळची बस गेली, शर्यत उरकली की दुपारच्या बसनं —

दुपार
सगळे आत आले. फाटक लावलं.
खाट रिकामी. चादर ओली.
खिडकीतून तळ्याची वाट दिसते. दोघं आहेत. हातात हात. परसूला आता दम लागत नाही —
कृष्णा, मी आणतो त्याला. मागे राहणार नाही, पुढे जाऊन अडव—
खिडकीतूनच हाक मारली. परसू थांबला. माझी वाट बघतोय.
दुसराही थांबला. आज पहिल्यांदाच तो मान वळव