रॅक मी स्वतः बसवला

डोंबिवली पूर्व,
शुक्रवार

चि. हरिहर यास,

भावोजींचे अनेक आशीर्वाद. (पन्नाशी उलटली तरी बायकोचा धाकटा भाऊ चिरंजीवच.) तुझा गुडघा, कोपरीतली मंडळी आणि तुझी गाडी यांची प्रकृती ठीक असेलच. गाडीची चौकशी मुद्दाम केली आहे. फोनवर तू माझं पूर्ण ऐकून न घेता 'ताईला द्या' म्हणतोस, म्हणून हे पत्र.

पुढच्या रविवारी क्षिप्राचं लग्न. लेकीला घोडबंदर रोडला सासरी आपल्याच गाडीतून, मी स्वतः चालवत सोडणार, असं व्याह्यांना छातीठोकपणे सांगून बसलोय. नेमकं आत्ताच स्टिअरिंग जड झालं आणि खालून खडखड सुरू झाली. आपला गॅरेजवाला पंढरी म्हणाला, स्टिअरिंगचा रॅक गेला (म्हणजे आपण स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा दांडा), गाडी सोडून जा. सोडून जा! चौतीस वर्षं मी कारखान्यात यंत्रं उघडली. (बंदही केली, त्यातली बरीचशी पुन्हा चालू झाली.) नवा रॅक आणला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून गाडीखाली शिरलो. दोन दिवस लागले. तुझी ताई वासंती मधूनमधून चहा घेऊन यायची आणि माझे पाय हलताहेत ना, ते बघून जायची.

शेवटी प्रश्न आला, स्टिअरिंगचा मध्य कुठला? मी डॅशबोर्डवरच्या गणपतीचा रोख धरला. पण तो तुझ्या ताईनं चिकटवलेला, चालवणाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे चांगलाच तिरका. (देवाचं माझ्यावर लक्ष राहावं म्हणून, तिचं एकटीचं पुरत नाही.) त्यामुळे स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे निघायची. पहिल्याच फेरीत आम्ही उसाच्या रसवाल्याच्या टेबलापर्यंत पोचलो. त्यानं न विचारता दोन ग्लास भरले. वासंतीनं रस प्यायला, "पोरीला मी यात बसवणार नाही" म्हणाली आणि रिक्षा करून घरी गेली.

खरं सांगतो, मला ते फार लागलं. मी गाडीकडे बघणंच सोडलं. बुधवारी राहिलेल्या पत्रिका द्यायला आंबिवलीला गेलो आणि गुरुवारी सहज गाडी काढली, तर सुतासारखी सरळ! नवा भाग असतो, बसायला वेळ घेतो. पंढरीसारख्यांना हे कळत नाही.

तुझा,
भावोजी

ता. क. तुझंही स्टिअरिंग मला मागे जड वाटलं होतं. पत्र मिळताच गाडी घेऊन ये. रॅक आणून ठेवला आहे.

हरी, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं, हे तुझे भावोजी दरवेळी विसरतात. बुधवारी हे आंबिवलीला गेले तेव्हा मी पंढरीला बोलावलं. त्यानं सगळं नीट करून दिलं. मार्चमध्ये रिटायर झाल्यापासून हे काल पहिल्यांदा जेवताना गुणगुणले, म्हणून मी गप्प आहे. तूही गप्प राहा. लेकीला यांनीच सोडायला हवं. तुझी गाडी पाहुण्यांना दिलीय असं सांग. बिघडलीय म्हणू नकोस, धावत येतील. पंढरीलाही लग्नाला बोलावलंय. तो म्हणाला, "वहिनी, येतो, पण मला लांब बसवा. साहेब रॅक कसा बसवला ते समजवायला लागले तर हसू आवरायचं नाही." त्याला तुझ्याच शेजारी बसवते. दोघांनी खाली मान घालून जेवा.

– ताई