बारा आठवड्यांचा रकाना

मूंटा, ४ ऑगस्ट

चि. गार्थ यास,
अ. आ.

चार दिवस एक आवाज कानातून जात नाही. लाकडी व्हरांड्यावरून जाणाऱ्या बाबागाडीचं चाक, कुईंऽऽ, आणि फळीच्या जोडावर टक्. सत्तर वर्षं जुना आवाज. कुठून आला कोण जाणे. बहुधा तू पाठवलेल्या, बाबागाडीत बसलेल्या लेकीच्या फोटोतून.

असो. तुझा पगाराचा दाखला पोचला. नेहमीप्रमाणे तुझं प्राप्तिकराचं विवरणपत्र तुझ्या आईच्या टेबलावर, शाईच्या पेनाने भरायला घेतलं. पण बारा आठवड्यांचा पगार दिसत नाही. धान्याच्या कोठारावरच्या कामावरून काढून टाकलं होतं का तुला? तसं असेल तर सांगायचं होतंस, मी काही तुला खाल्लं नसतं. संध्याकाळी चौथीच्या पुस्तकातली गलबताची कविता म्हणत धक्क्यावर फिरतो, तर तिसऱ्या कडव्याशी तुझी काळजी आडवी येते आणि पुढचं आठवत नाही.

सूनबाई ब्रायनाला आशीर्वाद. एलोवेनला दोन्ही गालांवर पापे.
विसरभोळ्या म्हाताऱ्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझा,
बाबा


काडिना, ११ ऑगस्ट

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

नोकरी शाबूत आहे. ते बारा आठवडे मी एलोवेनला सांभाळत घरी होतो. ब्रायना इस्पितळात पुन्हा रुजू झाली आणि मला सरकारकडून पालकत्व रजेचे पैसे मिळाले. त्याचा दाखला वेगळा आला. तो मी मुद्दाम पाठवला नाही.

नाताळच्या जेवणात तुम्ही तुमच्या शेजारच्या मर्व्हिनच्या मुलाबद्दल बोललात, की बाप्या माणूस रजा काढून बाळ सांभाळतो, त्याला नाव भरलेला एप्रन शिवून द्या. सगळे हसले. मीही हसलो. माझा रजेचा अर्ज तेव्हा खिशात होता.

मार्चमध्ये तुम्ही मांस-बटाट्याच्या गरम पेस्टी घेऊन आलात, त्या मंगळवारी मी ब्रायनाला सुट्टी घ्यायला लावली. कामाचे बूट चढवून मागच्या दाराने निघालो आणि फुटबॉलच्या मैदानाशी गाडीत बसून राहिलो. पाच वाजता कामावरून आल्यासारखा आलो. तुम्ही म्हणालात, फार दमलास रे. मला मान वर करता आली नाही. ब्रायना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाळाचे पैसे कसले दाखवायचे, असंही मनात आलं. आईला आमच्यासाठी मिळायचे, ते तुम्ही कधी लिहिले नाहीत. हे लिहावेच लागत असतील तर तेवढंच कळवा. मी इथल्या कर-सल्लागाराकडे जाईन. तुमच्या हातून ते लिहिलं जाताना मला बघवणार नाही.

तुमचा लोभ उरला असेल तेवढा राहू द्या.
गार्थ


मूंटा, १६ ऑगस्ट, शनिवार

चि. गार्थ यास,
आशीर्वाद. घेशील ना?

पैसे लिहावेच लागतात. तुझ्या आईला मिळायचा तो मुलांचा भत्ता, त्यावर कर नव्हता. हे पैसे पगाराच्या जागी आलेले, ते सरकारी रकमांच्या रकान्यात जातात. त्यांच्याकडे नोंद असतेच. वगळलेस तर खुलासा तुलाच द्यावा लागेल.

आता ते चाक. मी आठ वर्षांचा होतो. आई चार महिने इस्पितळात होती. तुझे आजोबा, धक्क्यावर गव्हाची पोती वाहणारा माणूस, काम सोडून तान्ह्या एव्हिसला, तुझ्या आत्याला, व्हरांड्यावर फिरवत. शाळेतली पोरं कुंपणावर बसून त्या चाकाची नक्कल करायची. एक दिवस मीही त्यांच्यात बसलो आणि सगळ्यांहून मोठ्यांदा केली. वडिलांनी पाहिलं. संध्याकाळी त्यांनी चाकाला तेल घातलं.

शाळेतल्या कविता आयुष्यभर घोकल्या त्या बहुधा तो आवाज बुजवायला. नाताळात मी पुन्हा त्याच कुंपणावर बसलो होतो. तू मैदानाशी लपून बसलास, पण लाज माझी होती रे, तुला उगाच वाहावी लागली.

परक्याकडे जाऊ नकोस. दाखला मला पाठव. तो रकाना मी माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात

मधेच थांबलो. बाहेर कुईं झालं. वाटलं, माझे कानच. पण मर्व्हिन कुंपणाशी उभा राहून बघतोय, आणि बस-थांब्याकडून भर रस्त्याने तू बाबागाडी ढकलत येतो आहेस. हातात लिफाफा आहे, त्या दाखल्याचाच असणार.

हे पत्र आता टपालात पडत नाही. फाटकाची कडी वाजली. दार उघडतो.

त्या चाकाला तेल मात्र घालू नकोस.