बाबांच्या फोटोंचे बारा मास्क

दि. ११ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय घाईबाई,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याला विचारतो कोण. तुझ्याकडेही सगळं ठीक असेल असं धरून चालते, कारण कळवायची आपली सवयच मोडली आहे.

काल न्हाणीघर पुसताना ती उलटी बादली आठवली. बाबा खिडकीला काळं कापड ठोकायचे, लाल दिवा लावायचे आणि आपण दोघी बादलीवर पाठीला पाठ लावून बसायचो. फोटोचा कागद औषधात पडला की मोठ्याने आकडे मोजायचे, हे आपलं काम. मी शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेल्या प्रार्थनेसारखी एकेक आकडा घोळवत म्हणायचे. तुझं मन मात्र बाहेर, अंगणात. एकदा माझा घसा बसला म्हणून तू एकटीने मोजलंस. तुझे नव्वद झाले तेव्हा घड्याळाचे जेमतेम पन्नास झाले असतील. झाड निघालं ते फिकट, अर्धं विरलेलं. मला वाटलं, आता तुला बोलणी बसणार. बाबांनी कागद दोरीला लटकवला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "आमच्या घाईबाईने धुकं पाडलं." तेव्हापासून तू घाईबाई. जन्मभर त्यांनी झाडापाण्याचे एवढे काळेपांढरे फोटो काढले, पण भिंतीवर लागला तो तेवढा एकच. अजून तिथेच आहे.

बाकी इकडची खबरबात म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई मुलीकडे राहायला गेल्या. त्यांची पेटी आता ऐकू येत नाही. वाजवायच्या वाईटच, पण कान सवयीचे झाले होते. जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. आणि परवा मला दवाखान्यात भरती व्हायचंय. पोटात गाठ आहे, ती काढतील. डॉक्टर म्हणाले, साधी आहे. पण ते माझ्याकडे न बघता फाइलकडे बघून म्हणाले.

तपासण्यांसाठी गेले होते तेव्हा नर्सबाई भेटल्या. तुझी मैत्रीण, तूच बाबांसाठी पाठवलेली. बाबा पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्या नसत्या तर मी एकटीने काय केलं असतं? आता त्या नर्स नाहीत. तळघरात चादरी धुतात. आपल्या तक्रारीनंतर नर्स पुरवणाऱ्या संस्थेने त्यांचं नाव काढलं ते काढलंच. आपल्या म्हणजे माझ्या. सही माझी होती.

तोंडावर मास्क होता. मी दिलेला, तारेवरच्या पाखरांचा. धुऊन धुऊन तार तेवढी उरली होती, पाखरं उडून गेलेली. मी ओळख न दाखवता पुढे गेले असते, पण त्यांनीच हाक मारली. माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग हळूच म्हणाल्या, "ताई, मी खरंच खूप काळजी घेत होते हो. बसमधून आले की आधी हातपाय धुवायची. तरी कसं झालं, अजून विचार करते." मी म्हटलं, होतं असं. एवढंच म्हटलं आणि जिना चढले.

आता ते मास्क कसे आले ते सांगते. फोनवर कधी सांगितलं नाही.

बाबांना पंच्याऐंशी पूर्ण होणार होती. त्यांना खाटेवरून उठता येत नव्हतं, आणि बाहेर सगळे तोंड बांधून फिरत होते. मला वाटलं, हे नाही तर निदान यांचे फोटो तरी बाहेर फिरून येतील. बारा फोटो निवडले आणि कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे नेले. त्या कापडावर छापूनही द्यायच्या. मास्कला नाकावर शिवण येते, दोन तुकडे जोडलेले असतात. त्यांनी विचारलं, झाड मधोमध कापलं जाईल, बाजूला सरकवू का? फोटोची बोटभर कड कापली तर बाबा दोन दिवस अबोला धरायचे, तुला माहीत आहे. मी म्हटलं, सरकवा.

आणायला गेले त्या दिवशी दुकानाचं दार बंद होतं, आत आम्ही दोघीच. मी आरशासमोर उभी राहून सगळे लावून बघितले. एक काढायचा, दुसरा लावायचा, मधे हसायचं. बाराही. त्या बाई खोकत होत्या. कापडाची धूळ, म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचं दुकान उघडलंच नाही. त्या वाचल्या.

घरी आल्यावर बाबांनी चष्मा पुसून मला न्याहाळलं आणि म्हणाले, "बरंच म्हणायचं, झाड निदान तुझ्या गालावर तरी रुजलं." कितीतरी दिवसांनी हसले. नर्सबाईंनी पाखरं उचलली.

चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी कपाटातली जुनी बाटली काढायला लावली, फोटोच्या आंबट औषधाची. "अजून जिवंत आहे का बघ. हुंग." मी मास्क खाली करून नाक लावलं. म्हटलं, पाणी झालंय, बाबा. तेवढ्यात गोळ्या घेऊन नर्सबाई दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. "अगंबाई, कसला आंबट भपकारा हा. डोळ्यांतून पाणी आलं."

मास्कमधूनही त्यांना वास आला, आणि मला आला नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "झाकण लाव," एवढंच म्हणाले.

वास जाण्याचा अर्थ तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. मला वेगळं ठेवतील, वाढदिवस दोन दिवसांवर आलाय, त्यांना माझ्या हातूनच जेवायची सवय, असं मनाला समजावलं आणि दुपारी मीच भरवलं. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर त्यांना ताप आला, मग नर्सबाईंना. सगळे म्हणाले, बाहेरून येणारी तीच. मी खोडून काढलं नाही. माझीही तपासणी झाली तेव्हा लोक हळहळले, बघा, हिलाही दिला तिने. आणि मी तुला फोन केला. "तुझ्या मैत्रिणीने घरात आणलं," म्हटलं. तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. त्या "बरं"ला चार वर्षं झाली.

अजून एक राहिलं. रुग्णवाहिकेत चढवताना, म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं तेव्हा, बाबांनी माझी बाही धरली होती. काय म्हणाले ते त्याच फोनवर आधी तू विचारलंस, आणि मी सांगितलं की काही कळलं नाही. स्पष्ट कळलं होतं. "त्या बाईला बोल लावू नकोस."

शाळेत शनिवारी ख्रिस्ती मुली जाळीच्या खिडकीशी जाऊन फादरना आपली पापं सांगून यायच्या आणि हलक्या होऊन बाहेर पडायच्या. आपल्याला ती सोय नव्हती म्हणून आपण हेवा करायचो. मी आता सगळं सांगितलं, पण हलकं काही वाटत नाही. हलकं व्हायचं असेल तर ते तुम्ही दोघींनी व्हावं.

म्हणून एवढं कर. माझं परवा काहीही होवो, हे पत्र घेऊन नर्सबाईंकडे जा आणि त्यांना वाचून दाखव. संस्थेला लिहिलेलं दुसरं पत्र याच पाकिटात आहे, सहीसकट. ते तू स्वतः नेऊन दे. बाबांचा कॅमेरा नर्सबाईंना. त्यांना तो चालवता येतो, बाबांनी शिकवलं होतं. लव्हाळ्यांचा मास्क कधी वापरलेला नाही, तोही त्यांना, पाखरांच्या बदली. निगेटिव्हचे डबे आणि उरलेले मास्क तुझे. बाटली कुणाला देऊ नकोस, मोरीत ओत. दार उघडं ठेव, वास अजून आहे म्हणतात.

भिंतीवरचं धुक्यातलं झाड तुझंच होतं, ते घेऊन जा. गालावरच्या झाडाचा तो मास्क माझ्या उशीखाली आहे. तो माझ्याबरोबर जाऊ दे.

आणि त्यांना वाचून दाखवताना घाई करू नकोस. एकेक ओळ पूर्ण होऊ दे.

अजून त्या बादलीवर मोजत बसलेली,
तुझी ताई