फ्लॅट अकरामधली कंट्री

शनिवार, दि. ८ नोव्हेंबर २०२५, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे.
(ही पत्राची तारीख नव्हे, माझ्या अपमानाची वेळ आहे. पत्र सोमवारी, दि. १० रोजी, कोथरूडहून लिहीत आहे.)

प्रिय श्यामला हिला प्रेमलाचा सप्रेम जय भीम,

तुझे गुडघे कसे आहेत? चि. शौनक आणि सौ. सलोनी यांना आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल असे गृहीत धरते, कारण बरी नसती तर तू कळवलेच असतेस. तू सुख कळवायला विसरतेस, दुखणे कधीच नाही. मी मजेत आहे. फोन सोडून पत्र कशाला, असे तू विचारशील. तुमच्या वाघोलीहून तुझा आवाज हल्ली पिठाच्या डब्यातून आल्यासारखा येतो. शौनकला सांग, तिथल्या टॉवरची कोणाकडे तरी तक्रार कर म्हणावे. तीस वर्षे मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले आहेत. नागपूरच्या खरखरीतून माणसाचे नाव, गाव आणि खोटे बोलतोय की खरे, हे तिन्ही उचलत असे. तेव्हा दोष लाइनच्या कुठल्या टोकाला आहे हे मला कोणी शिकवू नये.

तू वाघोलीला गेलीस त्याला परवा अकरा महिने झाले. अकरा महिने मी शनिवारी पाच वाजता एकटीच रेकॉर्ड लावते आहे आणि तुझ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवते आहे (खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून नव्हे, कपाटात जागा नाही म्हणून). मध्यंतरी इंटरनेटवर कंट्री म्युझिकच्या (म्हणजे आपल्या त्या अमेरिकन खेडवळ गाण्यांच्या) शौकिनांचा एक गट सापडला. तिथे कोणीतरी विचारले होते, आपापले आवडते गायक आणि त्यांची सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज सांगा. मी दोन पाने लिहिली. शाळेत सिस्टर ॲग्नेस केंटकीहून पत्र्याच्या पेटीतून रेकॉर्ड घेऊन आल्या इथपासून, जाताना त्यांनी डोरा मे प्रुइटची रेकॉर्ड तुला आणि मला मिळून एक दिली इथपर्यंत. उत्तरादाखल एक अंगठा आला. नुसता अंगठा! नंतर नॉर्वेच्या एका गृहस्थांनी मात्र विचारले, की दुसऱ्या कडव्याआधी बाई खोकते तीच का ही रेकॉर्ड? कारण पुढच्या प्रतींत कंपनीने खोकला काढून टाकला, आणि खोकल्यासकट असलेल्या फार थोड्या उरल्या आहेत. मी ताठ मानेने लिहिले, तीच. त्यावर ते म्हणाले, खोकला नेमका कितव्या सेकंदाला येतो तेवढे कळवा. त्याचे उत्तर अजून दिलेले नाही. वेळ झाला नाही.

तर मी ठरवले की नॉर्वेचे शौकीन नॉर्वेत बरे, आपल्या सोसायटीत एकशे बारा माणसे राहतात, त्यांतली चार कानाची निघतीलच. फलकावर सूचना लावली. सोसायटीचा नवा नियम, सूचना मराठीतच हवी. (आपल्या शाळेत मराठी बोलले की बाकावर उभे करीत, आता इंग्रजी लिहिले की सेक्रेटरी कागद काढून टाकतो. आयुष्यभर मी चुकीच्या भाषेत बरोबर बोलत आले आहे.) गुरुवारी सुवाच्य अक्षरात लिहिले ते असे:

‘कंट्रीप्रेमींना आवाहन. दर शनिवारी सायंकाळी पाच वाजता, फ्लॅट क्र. ११. सत्तर वर्षे जुनी, अस्सल, थेट अमेरिकेहून आलेली. आपापली आवडती बरोबर आणावी, सर्व मिळून आस्वाद घेऊ. नवख्यांना हळूहळू गोडी लावली जाईल. स्त्रियांनी संकोच करू नये. — प्रेमला’

यात काय वावगे आहे, सांग. मला तरी दिसले नाही. शुक्रवारी विमलाबाई पोळ्या करायला आल्या आणि तांदळाच्या डब्यामागे, गॅसखाली, मोरीत असे काहीतरी शोधत राहिल्या. विचारले तर डोळ्याला पदर. त्या हल्ली फार पुटपुटत बोलतात, म्हणून दोनदा विचारावे लागले. मग मोठ्याने म्हणाल्या, “बाई, सोडा ती. एकट्या मानसाला लई लवकर लागती. आमच्या मालकांनी बी एकट्यानंच सुरू केलती.” मला वाटले, रेकॉर्ड लावण्याबद्दल बोलत आहेत. मी म्हटले, छे हो विमलाबाई, शाळेपासूनची सवय आहे, आता मरेपर्यंत सुटायची नाही. त्या पोळ्या अर्ध्या टाकून गेल्या.

शनिवारी पाचाला मी कोकम सरबताचे सहा पेले भरून ठेवले. पाचाच्या ठोक्याला दिगंबरराव आले. (आपले खजिनदार. त्यांची बायको गेल्यावर तू सांत्वनाला गेलीस आणि चहा कडू होता म्हणून सांगत आलीस, ते.) हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी खारे शेंगदाणे काढले आणि मग स्वतःचा स्टीलचा पेला. मी म्हटले, किती टापटिपीचा मनुष्य! त्यांना तुझ्या खुर्चीवर बसवले, इस्त्रीचे कपडे उचलून. पहिली रेकॉर्ड त्यांनी मन लावून ऐकली आणि संपल्यावर हात चोळत म्हणाले, “मग आता?” इतका उत्साह मी अकरा महिन्यांत पाहिला नव्हता. मी दुसरी लावली. ती संपली, पुन्हा “मग आता?” तिसरी. तिसऱ्या वेळी आवाज जरा पडला होता. तेव्हा मी आपली डोरा मे लावली आणि दुसऱ्या कडव्यापाशी विचारले, “दिगंबरराव, खोकला ऐकू आला?” ते दचकून म्हणाले, “कोणाला झालाय?” मी सुई मागे घेतली, पुन्हा विचारले. ते म्हणाले, “मी दाखवलंय डॉक्टरांना. सिगारेटचा नाही म्हणाले.” तिसऱ्यांदा विचारण्यात अर्थ नव्हता.

आणि इथे ५ वाजून ४० मिनिटे होतात. बेल वाजली. (दहा मिनिटे वाजवत होते असे नंतर सांगण्यात आले. खोटे आहे. फार तर बेलची बॅटरी उतरली असेल.) दिगंबरराव तरुणासारखे उठून दार उघडायला गेले, खरी वस्तू आता आली, असे त्यांना वाटले असावे. दारात सेक्रेटरी सलिल आणि कमिटीच्या दोन बायका. सलिलने आधी दिगंबररावांच्या हातातल्या पेल्याकडे पाहिले, मग शेंगदाण्यांकडे, मग माझ्या सहा लाल पेल्यांकडे. आणि श्यामला, त्या मुलाने माझा पेला उचलून त्याचा वास घेतला! माझ्या घरात! माझ्या पेल्याचा! मी विचारले, हा काय प्रकार आहे, तर म्हणतो, “आज्जी, तुम्ही तरी कंट्री नको होती करायला. थोडं लो-प्रोफाइल तरी...” त्यातल्या एका बाईंनी मला आत नेऊन समजावले की या गावात कंट्री म्हणजे देशी दारू, आणि हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे. चौऱ्याहत्तर वर्षे पुण्यात काढली. मला कोणी सांगितले नाही. तू सांगितले नाहीस! तुला माहीत होते का, याचे उत्तर स्वतंत्र ओळीत दे.

दिगंबरराव म्हणाले, मी कमिटीतर्फे पाहणीसाठी आलो होतो. पेला कशाला, असे विचारल्यावर म्हणाले, नमुना घ्यायला. मग सगळे हसले, सरबत प्यायले (वास घेऊन झाल्यावर प्यायला काय हरकत!) आणि पाच मिनिटांत गेले. मी म्हटले, आलाच आहात तर एक गाणे ऐका. सलिल म्हणाला, “नेक्स्ट टाइम नक्की, आज्जी. आणि आवाज जरा कमी ठेवा, खालच्या मजल्यावरून कम्प्लेंट आहे.” मी आवाज कधीच मोठा ठेवत नाही, हे तुला माहीत आहे.

सातच्या सुमारास त्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर टाकले: ‘गैरसमज दूर झाला आहे. फ्लॅट ११ मध्ये फक्त गाणी आहेत.’ वास घेतल्याचे मी एक वेळ विसरेन. ‘फक्त’ हा शब्द विसरणार नाही. दारू आहे असे वाटले तेव्हा चार माणसे तरी आली होती.

असो. तुझ्या गुडघ्यांना एरंडेल चोळ.

तुझी,
प्रेमला

ता. क. १ — दिगंबररावांचा पेला इथेच राहिला आहे. दोन दिवस झाले, न्यायला आले नाहीत. घासून ठेवला आहे. विमलाबाईंना सगळे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, समद्या असंच सांगतात.

ता. क. २ — टॉवरची तक्रार करू नकोस. तुमचा टॉवर ठीक असावा. गेल्या महिन्यात डोरा मे लावली तेव्हा खोकला आला नाही. सुई बदलली, रेकॉर्ड पुसली, आवाज वाढवला (हो, वाढवला). पहिले कडवे येते, दुसरे येते, मध्ये नुसते गिटार, आणि तेही लांबून. ज्या खोकल्यावर तू आणि मी बाकाखाली तोंड लपवून हसायचो, तो कुठे गेला? रेकॉर्ड झिजली की मी, हे सांगू शकेल असे तुझ्याशिवाय कोणी नाही. कानाच्या डॉक्टरांकडे जाईन, पण आधी तू ऐक. नॉर्वेला मी काय वाट्टेल ते कळवीन. मला खरे काय ते हवे आहे.

ता. क. ३ — या पत्राचे उत्तर मला लेखी हवे, कारण फोनवर तू काय म्हणतेस ते मला कळत नाही. मुदत: शनिवार, दि. १५ नोव्हेंबर, सायंकाळी पाच. पोस्टाने ते तोवर पोहोचणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा कागदावर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहायचे, आणि ते माझ्यासमोर बसून, गाणे संपल्यावर. कागद आणि खुर्ची मी तयार ठेवते.